शनिवारवाड्याचा अपुरा दरवाजा : टेबलावरील भूमिका-खेळांची स्थलरचना आणि तिची खेळचाचणी

प्रस्तावना

खेळ आणि संस्कृती यांचा संबंध ज्या ग्रंथामुळे विद्यापीठीय चर्चेत स्थिरावला, तो योहान हायझिंगा यांचा ‘होमो लुडेन्स’ (१९३८) हा ग्रंथ समाजशास्त्राच्या अध्यापकांना परिचित आहे. याच हायझिंगांनी १८९७ मध्ये डॉक्टरेटसाठी सादर केलेला प्रबंध संस्कृत नाटकातील विदूषकावर होता, ही गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. विदूषक नाटकाच्या आत असतो आणि तरीही प्रेक्षकांशी त्याचा वेगळा व्यवहार चालू असतो. खेळाचा पुढे एवढा मोठा सिद्धान्त मांडणारा अभ्यासक या पात्रापाशी प्रथम थांबला होता, याचे मराठी वाचकाला आश्चर्य वाटू नये.

टेबलाभोवती बसून खेळले जाणारे भूमिका-खेळ, म्हणजे इंग्रजी वळणाने ज्यांना ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हटले जाते ते, नाटक आणि खेळ यांच्या याच सीमेवर उभे आहेत. चार-पाच खेळाडू प्रत्येकी एकेक पात्र घेतात. एक जण सूत्रधार होतो. स्थळ कसे आहे, समोर कोण उभे आहे, दार उघडले तर काय दिसते, हे सूत्रधार सांगतो. आपले पात्र काय करील, हे खेळाडू सांगतात. कृती यशस्वी होईल की नाही याविषयी शंका असेल तेथे फासे टाकले जातात. संहिता नसते, प्रेक्षक नसतात आणि बहुधा कोणी जिंकतही नाही. सूत्रधाराच्या हाती जो स्थळाचा आराखडा असतो, खोल्या, वाटा, पहारे आणि तेथील माणसांचे हेतू यांसह, त्याला ‘लेव्हल’ असे म्हणतात. अशी लेव्हल मराठी इतिहासातील एखाद्या स्थळावर रचायची झाल्यास कोणते प्रश्न उभे राहतात, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात पुण्याच्या शनिवार पेठेतील शनिवारवाड्याच्या आधारे केली आहे.

लेव्हल या कल्पनेचा उगम

या खेळांचे मूळ लष्करी शिक्षणात आहे. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ यांनी १८२४ मध्ये प्रचारात आणलेल्या युद्धखेळात नकाशा, ठोकळे, फासे आणि एक पंच असे. नियमांचे जंजाळ फार वाढल्यावर १८७६ मध्ये व्हेर्डी दु व्हेर्नुआ यांनी नियमांपेक्षा अनुभवी पंचाच्या निर्णयावर भर देणारी पद्धत मांडली. आजचा सूत्रधार हा या पंचाचाच वारस होय. अमेरिकेत डेव्हिड वेस्ली यांनी १९६९ मध्ये घेतलेल्या ‘ब्राउनश्टाइन’ या खेळात सैन्याऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका खेळाडूंना दिली. त्याच मंडळातील डेव्ह आर्नेसन यांनी १९७१ च्या सुमारास ‘ब्लॅकमूर’ नावाच्या कल्पित किल्ल्याखाली तळघरे रचली आणि गॅरी गायगॅक्स यांच्यासह १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. लेव्हल या शब्दाचा अर्थ तेव्हा अगदी साधा होता. लेव्हल म्हणजे तळघराचा मजला. जितके खाली उतरावे तितका धोका अधिक. संगणकावरील खेळांनी हा शब्द पुढे उचलला आणि त्याचा मजल्याशी असलेला संबंध विसरला गेला.

रचनेच्या दृष्टीने या आरंभकाळातील दोन आराखडे एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. गायगॅक्स यांचे ‘टूम ऑफ हॉरर्स’ १९७५ च्या एका स्पर्धेसाठी तयार झाले व १९७८ मध्ये छापले गेले. त्यातील वाट बव्हंशी एकपदरी असून चुकीच्या निवडीला मरण हीच शिक्षा आहे. सर्व गटांना एकाच मापाने मोजायचे असल्याने स्पर्धेत ही रचना समर्थनीय ठरते, परंतु एरवी ती परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेसारखी वाटते. याउलट जेनेल जॅक्वेज यांच्या ‘कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’ (१९७९) मध्ये आत शिरण्याच्या वाटा अनेक आहेत, मजले एकमेकांना ठिकठिकाणी जोडलेले आहेत आणि एक गट जेथून आत गेला तेथून दुसरा कदाचित जाणारही नाही. खेळाडूंच्या निवडीला अर्थ प्राप्त करून देणारी रचना म्हणून दुसऱ्या आराखड्याला पुढील काळात जो मान मिळाला, तो योग्यच म्हणावा लागेल.

पट आणि किल्ला

मराठी परंपरेत अशा रचनेला पूर्वज नाहीत असे नाही. मोक्षपट हा जन्मापासून मोक्षापर्यंतच्या घरांचा पट आहे. त्याचे कर्तृत्व परंपरेने ज्ञानेश्वरांकडे दिले जाते. या पटात घरांना नावे आहेत, शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे आहेत. अर्थाच्या दृष्टीने हा पट कितीही समृद्ध असला तरी खेळणाऱ्याला त्यात निवड नाही. कवड्या पडतील तसे जावे लागते. सारीपाटात निदान कोणती सोंगटी पुढे न्यावी हे ठरवता येते. स्थळ मात्र तेथे उरत नाही, चार पट्ट्यांची आकृती तेवढी उरते.

भूमिका-खेळाच्या सर्वांत जवळ जाणारी मराठी गोष्ट वेगळीच आहे. ती म्हणजे दिवाळीत मुले बांधतात तो किल्ला. शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांतील वाड्यांच्या अंगणांत आणि आता सोसायट्यांच्या मोकळ्या जागांत दगड, विटा, पोती व माती यांचा डोंगर उभा राहतो. त्यावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ आणली जाते. कुंभारांकडून आणलेले मातीचे मावळे बुरुजांवर उभे राहतात आणि शिखरावर सिंहासनाधिष्ठित शिवाजीमहाराज विराजमान होतात. पायथ्याशी विहीर, शेत, भाजीवाली आणि पुष्कळदा एस.टी.ची गाडीही असते. या कालविपर्यासाबद्दल मुलांना कोणी कधी जाब विचारलेला नाही, हे चांगलेच झाले. टेबलावरील खेळात छोट्या आकृत्या आणि उठावाचा भूप्रदेश ज्या आवडीने मांडला जातो, ती आवड मराठी मुलांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या आहे.

तरीही किल्ला ही लेव्हल नव्हे. किल्ला बहुधा भिंतीला टेकवून बांधतात. त्याला पुढची बाजू असते, मागची नसते. सर्व वाटा शिखराकडे जातात, कारण पाहणाऱ्याची नजर तिकडे जावी अशी अपेक्षा असते. शत्रू असला तर तो पायथ्याशी ठेवलेला असतो आणि तेथेच राहतो. वस्तुतः महाराष्ट्रातील दुर्गयुद्धांचा इतिहास मागच्या बाजूचाच इतिहास आहे. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे कोंढाण्यावर दरवाजातून गेले नाहीत, कड्यावरून गेले. ज्या बाजूकडे कोणी पाहत नाही ती बाजू दिवाळीच्या किल्ल्यात बांधलीच जात नाही, आणि लेव्हलच्या रचनाकाराला मात्र तिच्यापासूनच आरंभ करावा लागतो.

वाड्याचा नकाशा

शनिवारवाड्याची पायाभरणी पहिल्या बाजीराव पेशव्यांनी १० जानेवारी १७३० रोजी केली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली. तटाला नऊ बुरूज आणि पाच दरवाजे आहेत. उत्तरेला दिल्ली दरवाजा व मस्तानी दरवाजा, पूर्वेला खिडकी दरवाजा, त्याच्या दक्षिणेस गणेश दरवाजा आणि दक्षिणेला नारायण दरवाजा. दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर हत्तीची धडक रोखणारे अणकुचीदार खिळे आहेत आणि आत शिरताच वाट सरळ न जाता वळते. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत आतील इमारती जळाल्या. उरले ते तट, दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे अवशेष.

एखाद्या नवख्या रचनाकाराला हे स्थळ म्हणजे आयती लेव्हल वाटेल. पाच प्रवेश, वळणाची वाट, पहारे, सात मजल्यांची परंपरा आणि शिवाय एक भयकथा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा येथे खून झाला आणि ‘काका मला वाचवा’ ही हाक पौर्णिमेच्या रात्री ऐकू येते, असे पर्यटकांना आजही सांगण्यात येते. काळोख, पावलांचे आवाज, मशाली आणि शेवटी ती हाक, असा आराखडा एका बैठकीत लिहून होईल. तो वाईट होईल आणि त्याची कारणे ग्रँट डफ यांनी १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इतिहासातच सापडतात.

डफ यांच्या वृत्तान्तानुसार घटना रात्रीची नाही. सकाळपासून गारद्यांमध्ये गडबड होती. दुपारी ती वाढली, तेव्हा नारायणरावांनी बंदोबस्त करण्यास हरिपंत फडके यांना सांगितले. हरिपंत एका स्नेह्याकडे जेवायला गेले. दुपारनंतर पेशवे विश्रांती घेत असताना सुमेरसिंग आणि महंमद इसफ यांच्या नेतृत्वाखाली थकलेल्या पगाराची मागणी करीत गारदी वाड्यात घुसले. रघुनाथरावांवरील पहाऱ्याचा नायक खरकसिंग त्यांना सामील झाला. यापुढचा तपशील रचनाकाराने वारंवार वाचावा असा आहे. मुख्य दरवाजा उघडा होता. तरीही गारदी तेथून आले नाहीत. रघुनाथरावांच्या बाजूपासून वेगळा प्रवेश असावा म्हणून पूर्वेकडे भिंत पाडून एक दरवाजा काढण्यात येत होता. तो अपुरा होता. ते त्यातून आले.

शेजारच्याच लाल महालावर ५ एप्रिल १६६३ रोजी शिवाजीमहाराजांनी शायिस्ताखानावर घातलेल्या छाप्याशी हा तपशील ताडून पाहावा. खाफीखानाच्या वृत्तान्तात छापा घालणारे मुदपाकखान्याच्या बाजूने येतात आणि तेथून जनानखान्याकडे जाणारी, विटामातीने बुजवलेली वाट फोडतात. फोडण्याचा आवाज नोकरांच्या कानी पडतो. एकाच परिसरात, एकशेदहा वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन घटनांत आत येणारे ज्या दारातून आले ते दार नकाशावर दरवाजा म्हणून दाखवलेलेच नसते. एक बुजवलेले होते, दुसरे पुरे झालेले नव्हते. हेतू, नैतिक मूल्य आणि परिणाम या बाबतींत या दोन घटनांची तुलना होऊच शकत नाही. स्थलरचनेच्या बाबतीत मात्र ती करावी लागते.

कोणती भूमिका, कोणासाठी

नारायणरावांचे वय त्या दिवशी अठरा होते. झोपेतून उठून ते काकांच्या दालनाकडे धावले. रघुनाथरावांनी प्रथम गयावया केली आणि मग ते बाजूला झाले. तुळाजी पवाराने पेशव्यांना पाय धरून खाली ओढले. चापाजी टिळेकर हा नोकर निःशस्त्र असतानाही धन्याला बिलगला आणि त्यांच्याबरोबर मारला गेला. हा प्रसंग खेळाडूंच्या हाती द्यावा काय, हा प्रश्न टाळता येत नाही. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ (१९०९) या नाटकाचा आधार हाच काळ आहे. रंगभूमीला हा विषय वर्ज्य नव्हता, मग टेबलाला का असावा, असा प्रतिवाद संभवतो. परंतु नाटकातील नट संहितेला बांधलेला असतो. तो नारायणरावांना वाचवू शकत नाही आणि आपला पराक्रमही त्यात मिरवू शकत नाही. भूमिका-खेळात नारायणरावांचे पात्र खेळाडूकडे दिले की उरतो तो केवळ पळापळीचा खेळ. त्यात फाशांवरचा आकडा चांगला पडला तर टाळ्या पडतात. एका तरुणाच्या मृत्यूची अशी किंमत करणे हे रचनेचेच अपयश होय. ते पात्र सूत्रधाराकडेही असू नये. ते दाराआड, विश्रांती घेत असावे.

खेळाडूंसाठी अधिक योग्य भूमिका वाड्याच्या कडेला सापडतात. ज्याचा पगार थकला आहे आणि ज्याला कटाची कल्पना नाही असा साधा गारदी. हरिपंतांकडे निरोप घेऊन धावणारा जासूद. मुदपाकखान्यातील नोकर. आणि पूर्वेच्या दरवाजावर काम करणारा गवंडी. यांतील गवंडी ही भूमिका सर्वांत कसदार आहे, कारण भिंत कोठे उघडी पडली आहे याचे ज्ञान त्याला आहे आणि ते ज्ञान महत्त्वाचे आहे हे त्याला ठाऊक नाही. डफ यांच्या वृत्तान्तात गवंडी कोठेही येत नाही. पण काम चालू असलेल्या दरवाजाला गवंडी असणारच. पुराव्याच्या कडेने कल्पना कशी चालावी याचे हे साधे उदाहरण आहे.

खेळचाचणी

लेव्हल कागदावर पूर्ण दिसत असली तरी ती खेळून पाहिल्याशिवाय तिच्यातील दोष कळत नाहीत. चाचणीचे संकेत आता बरेच रुळले आहेत. रचनाकाराने स्वतः सूत्रधार न होता दुसऱ्याच्या हाती केवळ लिखित आराखडा द्यावा, मध्ये बोलू नये, खुलासा करू नये. खेळाडू कोठे थांबतात, कोणता प्रश्न दोनदा विचारतात, कोणत्या खोलीत कोणीच जात नाही, याची नोंद करावी. दोन चाचण्यांमध्ये एकच बदल करावा, म्हणजे परिणाम कशामुळे बदलला हे कळते. खेळाडूंना ‘आवडले का’ हे विचारण्याचा उपयोग थोडा असतो. त्यांनी काय केले हे पाहण्याचा अधिक. विज्ञानशाखेच्या अध्यापकांना यात नवीन काही वाटणार नाही.

शनिवारवाड्याच्या लेव्हलला मात्र एक खास अडचण आहे. मराठी खेळाडूंना शेवट माहीत असतो. वाडा, गारदी आणि १७७३ हे शब्द उच्चारताच टेबलावरचे प्रत्येक पात्र अंतर्ज्ञानी होते. गवंडी अकारण तलवार शोधू लागतो आणि जासूद हरिपंतांना ताटावरून उठवतो. यावर एक उपाय असा की पहिल्या चाचण्या नावे बदलून, अन्य प्रांतातील किंवा कल्पित राजवाडा म्हणून घ्याव्यात. त्यामुळे रचना स्वतःच्या बळावर उभी राहते की केवळ प्रसिद्ध नावांच्या आधाराने, हे स्पष्ट होईल. नावांचा पडदा काढल्यावर जी लेव्हल निर्जीव होते, तिने इतिहासाचा केवळ वेष घेतलेला होता असे समजावे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. समजा, खेळाडूंनी वेळेवर तो अपुरा दरवाजा बुजवला. सूत्रधाराने काय करावे? कित्येक आराखड्यांत अशा वेळी दार कोणीतरी पुन्हा उघडते, निरोप हरवतो, पहारेकरी फितूर निघतो आणि कथा बखरीच्या मार्गावर आणली जाते. ही लबाडी खेळाडूंना दुसऱ्या बैठकीपर्यंत कळते आणि त्यानंतर ते निवड करणे सोडून देतात. प्रामाणिक मार्ग हा की दार बंद झाले तर बंद राहू द्यावे. तेथेच लेव्हलचा खरा विषय समोर येतो. दार बंद झाले तरी पगार थकलेलाच आहे. रघुनाथराव नजरकैदेतच आहेत. मुख्य दरवाजा उघडाच आहे. मग गारद्यांनी उघडा दरवाजा सोडून अपुरा का निवडला, हा प्रश्न खेळाडू विचारतील. दिल्ली दरवाजाच्या वळणावर पहारे आडवे आले असते, तर पूर्वेची फट सरळ होती, असे अनुमान करता येते. ते अनुमानच आहे. तथापि तो प्रश्न वर्गातील व्याख्यानातून ज्या तीव्रतेने उभा राहत नाही तेवढ्या तीव्रतेने येथे उभा राहतो. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयात मार्क कार्न्स यांनी १९९० च्या दशकात सुरू केलेल्या ‘रिअॅक्टिंग टू द पास्ट’ या अध्यापनपद्धतीत विद्यार्थी ऐतिहासिक भूमिका घेऊन वाद करतात. तिच्यातील एक खेळ १९४५ च्या सिमला परिषदेवर आहे. मराठेशाहीवर असा खेळ इतिहास विभागांना रचता येण्यासारखा आहे.

तिसरी अडचण पुराव्याची. ‘जिना कोठे आहे?’ हा प्रश्न कोणताही खेळाडू पहिल्या दहा मिनिटांत विचारील, आणि वरचे मजले १८२८ मध्ये जळून गेले आहेत. रचनाकाराला जिना कल्पावाच लागेल. मात्र सूत्रधाराच्या नकाशावर अवशेषांतून दिसणारा भाग एका रंगाच्या शाईने आणि कल्पित भाग दुसऱ्या रंगाने काढलेला असावा. खेळाडूंना हा फरक खेळताना दिसण्याची गरज नाही. खेळ संपल्यावर तो नकाशा टेबलावर पसरून ठेवावा. महाविद्यालयीन वर्गात या अर्ध्या तासाचे मूल्य खेळाच्या तीन तासांहून कमी नसेल.

घटनेनंतरची लेव्हल

या प्रसंगावरील सर्वांत समर्थ लेव्हल बहुधा ३० ऑगस्टच्या दुपारची नसून त्यानंतरच्या आठवड्यांची आहे. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली. रघुनाथरावांनी पकडण्याचा हुकूम दिल्याचे कबूल केले, मारण्याचा नव्हे. मूळ कागद शास्त्र्यांच्या हाती आला तेव्हा ‘धरावे’चे ‘मारावे’ झालेले दिसले. हा फेरफार आनंदीबाईंनी केला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडून ते वाईजवळच्या गावी निघून गेले. या लेव्हलमध्ये खोल्या थोड्या आहेत, साक्षीदार पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाला आपली कातडी वाचवायची आहे. खेळाडू शास्त्र्यांचे कारकून होऊ शकतात. ज्याची चौकशी चालू आहे तोच आता सत्तेवर आहे, त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला जोखीम आहे आणि त्यासाठी एकही तलवार उपसावी लागत नाही.

येथे चाचणीचा सारा भार एका कागदावर येतो. तो हुकूम रचनाकाराला स्वतः मोडीत लिहून खेळाडूंच्या हाती द्यावा लागेल. बदललेले अक्षर ठळक दिसले तर चौकशी पाच मिनिटांत आटोपते. ते मुळीच दिसले नाही तर खेळाडू दोन तास साक्षी घेत राहतात आणि कागद बाजूला पडून राहतो. शाईचा रंग, बोरूची जाडी आणि अक्षराभोवतीची खरवड यांत प्रत्येक चाचणीनंतर थोडा थोडा बदल करावा लागेल. ज्यांना मोडी वाचता येते असा एक गट आणि ज्यांना येत नाही असा दुसरा गट, दोघांनाही तोच कागद देऊन पाहावा लागेल. दुसऱ्या गटाला मोडी वाचणारा कोणीतरी गाठावा लागेल, आणि तो वाचून दाखवणारा कोणाच्या बाजूचा आहे, हे सूत्रधाराने आधीच ठरवून ठेवलेले असावे.